नाव कापू नका हो

मागच्या महिन्यात आत्याचा वॉट्सॅपवर मेसेज आला, "बघ गं कुणी किती छान लिहिलंय, अगदी आपल्या दादासारखा माणूस वाटतोय, मला तर रडूच आलं." खाली भलामोठा फॉरवर्ड. मुक्कामी एसटीत रात्री मिणमिणत्या दिव्याखाली मांडीवर पेटी घेऊन वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरणारा कंडक्टर, दोन रुपयांचा हिशोब लागेना म्हणून तिसऱ्यांदा सगळं मोजणारा. वाचताना हातपाय गार पडले माझे. ते मीच लिहिलं होतं, आमच्या अण्णांवर, म्हणजे आत्याच्या सख्ख्या भावावर! शेवटी माझं नाव होतं तिथे "लेखक अज्ञात" आणि जोडलेले दोन हात. आत्याला फोन करून सांगितलं की अगं तो दादाच आहे, तर म्हणाली, "मग नाव का नाही टाकलंस बाई?"

टाकलं होतं आत्या.

काय मिळतं तुला फेसबुकवर लिहून, असं मला बरेच जण विचारतात. अण्णा गेले तेव्हा मी लिहायला लागले. तिकीट देताना ते पंच टिकटिक वाजवत गाडीभर फिरायचे, तो आवाज एसटीत आता नाही, मशीन आल्या, आणि तो कुठेतरी शिल्लक राहावा एवढंच वाटत होतं. पैशाचा विचारसुद्धा नव्हता डोक्यात. पण नंतर घर चालवायची वेळ आली आणि मला दुसरं येतं काय, लिहिताच येतं, मग ब्लॉग काढला, गूगलच्या जाहिराती लावल्या. त्यातून कमाई 10 डॉलर झाल्यावर पत्ता पक्का करायला गूगलकडून पोस्टाने पिन नंबर येतो, ते पाकीट मी अजून ठेवलंय. पण 100 डॉलर साचल्याशिवाय बँकेत काही येत नाही आणि मला ते साचायला दोन वर्षं लागली. मराठीत नुसत्या वाचकसंख्येवर माझं घर चाललं नसतं, हे मी अनुभवाने सांगतेय.

मग चालतं कशावर? नावावर. कुणीतरी पोस्ट वाचतं, खालचं नाव बघतं, मेसेज करतं की आमच्या माहितीपत्रकाचं भाषांतर कराल का, व्हिडिओची स्क्रिप्ट लिहाल का, दिवाळी अंकाला काही द्याल का. माझं आजवरचं जवळजवळ सगळं काम असंच आलंय. पोस्ट हजार ठिकाणी फिरली आणि नाव कापलेलं असलं तर ती हजार माणसं माझ्यापर्यंत येणारच नाहीत. म्हणून एक ओळ डिलीट केली तर काय बिघडलं असं कुणी म्हटलं की मला खरंच राग येतो, ती ओळ म्हणजे माझ्या घरचा किराणा आहे.

आणि हे काही आजचं नाही. आपल्या संतांना बरोबर कळलं होतं. अभंग तोंडोतोंडी जाणार, म्हणून नाव शेवटच्या चरणातच ओवलं, तुका म्हणे, चोखा म्हणे. जनाबाई तर दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी बाई, पण "म्हणे नामयाची जनी" असं ठणकावून सांगते आणि सातशे वर्षं झाली तरी ती ओवी जनीचीच आहे. त्यांना पैसे नको होते, तरी शब्द कुणाचा ते सुटू दिलं नाही.

कायद्यातही आहे हे. 1957 चा कॉपीराइट कायदा, लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. आणि कलम 57 प्रमाणे तुम्ही हक्क विकून टाकले तरी हे मी लिहिलंय असं सांगायचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. पण आत्याच्या भिशीच्या ग्रुपवर मी कलम घेऊन जाऊ का? कोर्टकचेरी नकोच आहे मला. फुकट वाचा, आनंदाने वाचा, पैसे नाही दिलेत तरी चालेल. शेअरचं बटण दाबा, आणि कॉपी-पेस्टच करायचं असेल तर शेवटच्या ओळीपर्यंत करा ना, बोट अजून अर्धा इंच खाली न्यायचंय फक्त.

परवा तीच पोस्ट आत्याने तिच्या सगळ्या ग्रुपवर पुन्हा टाकली. खाली माझं नाव, आणि त्याखाली तिने स्वतः टाईप केलेलं, "ही माझी भाची. कंडक्टर माझा दादा."