'पावडर म्हणजे विष, मटकी म्हणजे अमृत' : हा फॉरवर्ड एकदा नीट वाचूया

हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असणार. प्रोटीन पावडर म्हणजे निव्वळ केमिकल, खाल्ली की किडनी जाते, पोरं नामर्द होतात, त्यापेक्षा पूर्वजांसारखे मूठभर भिजवलेले शेंगदाणे, वाटीभर मोड आलेली मटकी आणि सकाळी कच्ची अंडी घ्या, पावडरच्या एका स्कूपपेक्षा (डब्यातल्या मापाच्या चमच्यापेक्षा) जास्त ताकद मिळते आणि सगळं नैसर्गिक म्हणून साईड इफेक्ट शून्य. आमच्या ग्रुपवर एका काकांनी टाकला आणि खाली जिमला जाणाऱ्या पुतण्याने 'काका प्लीज' एवढंच लिहिलं, मग जो काही राडा झाला तो झाला. आधीच सांगतो, मी पावडर विकत नाही आणि बहुतेकांना ती लागतही नाही, पण घाबरायचंच असेल तर योग्य गोष्टीला घाबरा ना.

'पावडर म्हणजे केमिकल.' घरी दूध फाडून पनीर केलंय ना कधी? फडक्यात चोथा राहतो आणि खाली पातेल्यात जे हिरवट-पिवळट पाणी उरतं, जे आई कणीक भिजवायला ठेवते नाहीतर सरळ सिंकमध्ये जातं, व्हे म्हणतात ते हेच. चीजच्या कारखान्यात उरलेलं असलं पाणी गाळतात, त्यातलं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आणि फॅट कमी करतात आणि वाळवून पावडर करतात. वरून फ्लेवर आणि स्वीटनर घालतात, ते नको असेल तर साधी अनफ्लेवर्ड मिळते. दूध पचत नाही त्यांना पोटात गुडगुड होणार, काहींना पिंपल्स येतात, हे खरंय. पण दुधाची पावडर विष असेल तर पेढ्यांचं काय करायचं?

'किडनी फेल होते.' हा मुद्दा जरा सावकाश घेऊ, कारण भीती इथेच जास्त आहे. ज्याची किडनी आधीच अधू आहे, त्याने प्रोटीन डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, मग ते डब्यातलं असो की मटणातलं, किडनीला दोन्ही सारखंच. आपल्याकडे डायबेटिस आणि बीपीवाले घरोघरी आहेत आणि किडनी बिघडायची मुख्य कारणं हीच दोन, म्हणून चाळिशीनंतर सुरू करणाऱ्याने आधी टेस्ट करून घेतलेली बरी. पण किडनी धड असलेल्या माणसाची ती व्यायामासाठी लागणाऱ्या प्रोटीनने, म्हणजे वजनाच्या किलोमागे दीड-दोन ग्रॅमने, खराब होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मग हे 'फेल'चं प्रकरण येतं कुठून? बऱ्याचदा क्रिएटिनवरून, ही जिमवाले ताकदीसाठी घेतात ती दुसरी पावडर. पोरगा क्रिएटिन घेतो, कंपनीचं मेडिकल होतं, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते ज्यावरून बघतात तो रक्तातला आकडा, थोडं वर येतं आणि घरात रडारड. शरीरात क्रिएटिनचंच क्रिएटिनिन होतं, त्यामुळे वरून घेतलं की किंवा अंगात मसल जास्त असला की आकडा किडनी ठणठणीत असतानाही वर दिसू शकतो. डॉक्टरांना 'मी क्रिएटिन घेतो' हे सांगा, गरज वाटली तर ते सिस्टॅटिन सी नावाची वेगळी टेस्ट करतात, तिच्यावर याचा परिणाम होत नाही.

'नामर्द होतात.' इथे मेसेजवाल्याने दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबल्यात. वृषणं आकसणं, शुक्राणू बंद होणं, पुरुषाची छाती वाढणं हे खरंच होतं, पण ते अॅनाबॉलिक स्टिरॉइडने. ही स्टिरॉइडं म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचेच प्रकार, बाहेरून ते येतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, साधा हिशोब आहे. व्हेमध्ये स्टिरॉइड नसतं, निदान असायला नको. गोंधळ होतो कारण कित्येक जिममध्ये डबा आणि इंजेक्शन एकाच कपाटातून निघतं. मेफेंटरमाईन म्हणजे ऑपरेशनच्या वेळी बीपी कोसळलं तर द्यायचं औषध, ते पोरं वर्कआउटच्या आधी टोचून घेतात, हृदयाचे ठोके कुठल्या कुठे जातात, सवय लागते ती वेगळीच. पोलिसांनी धाडी घालून साठे पकडलेत याचे. मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नाही! ट्रेनर 'शॉट'बद्दल बोलायला लागला तर जिम बदला, बस.

'मटकी आणि शेंगदाण्यात स्कूपपेक्षा जास्त प्रोटीन.' स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम असतं, कॅलरी १२०. तेवढंच शेंगदाण्यातून हवं असेल तर मूठभर नाही, जवळजवळ १०० ग्रॅम खावे लागतात आणि साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात. शेंगदाण्यात वाईट काही नाही, पण पोट कमी करायला निघालेल्या माणसाला हा सल्ला देऊ नका. मटकीला मोड आले की पचायला हलकी होते, क जीवनसत्त्व वाढतं, पण प्रोटीन कुठून वाढणार, आत तर पाणी शिरलेलं असतं. वाटीभर उसळीत सात-आठ ग्रॅम धरा. हां, तिच्याबरोबर भाकरी खाल्ली की कडधान्यात जे अमिनो अॅसिड (प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं त्यातला एक) कमी असतं ते धान्यातून भरून निघतं, उसळ-भाकरीचं हे गणित मात्र भारीच आहे.

हिशोब करायचाच तर पूर्ण करा. ६० किलोच्या, वजन उचलणाऱ्या पोराला दिवसाला ९५ ग्रॅमच्या आसपास हवं. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वरण-भात, रात्री तेच, ओढूनताणून ४५ होतात. त्यात चार उकडलेली अंडी घाला, २४. दोन ग्लास दूध, १६. कमी पडलं तर थोडे सोयाबीन चंक्स, वाळलेल्या ५० ग्रॅममध्येच २५ च्या पुढे. झालं की, डबा कुठे लागला? डबा सोय आहे, शिफ्ट ड्युटीवाल्याला, हॉस्टेलवाल्याला, अंडं न खाणाऱ्याला.

आणि अंडी उकडून खा रे बाबांनो. कच्च्या अंड्यातलं प्रोटीन निम्मंच अंगी लागतं, शिजवलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास, शिवाय कच्च्यात साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा धोका फुकट.

'आमचे पैलवान पावडर खायचे का?' नाही खायचे. पण कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान मूठभर शेंगदाण्यांवरही नव्हता. लिटरभर दूध, कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई, तूप, मटण, आणि वर शेकड्यांनी जोर-बैठका. शाहू महाराजांचा आश्रय होता म्हणून ते परवडायचं, आज एका पोराचा खुराक सांभाळताना बापाचं कंबरडं मोडतं. तो खुराक ऑफिसच्या खुर्चीत बसून खाल्ला तर काय होईल ते तुम्हीच बघा.

'नैसर्गिक म्हणजे सुरक्षित.' २०१३ मध्ये अमेरिकेत हवाई बेटांवर ऑक्सीएलिट प्रो नावाचं वजन कमी करायचं सप्लिमेंट घेणाऱ्यांना हेपेटायटिस झाला, माल परत मागवावा लागला. संशय होता त्यातल्या एजेलीन नावाच्या घटकावर. हे एजेलीन मिळतं आपल्या बेलाच्या झाडात! अश्वगंधेच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडल्याच्या केसेसही नोंदलेल्या आहेत, आपल्या देशातल्याही. झाडातून आलं की कारखान्यातून यापेक्षा किती घेतलं आणि कोणी घेतलं हे बघायला लागतं.

आता मेसेजची एक बाजू खरी, ती म्हणजे डब्यावरचा भरवसा. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंट्सची तपासणी छापून आली, केरळच्या डॉक्टरांनी केलेली, त्यात सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेला प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला आणि काहींत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सापडलं. त्याच वर्षी आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनेही बॉडी बनवायला प्रोटीन सप्लिमेंट नको असं म्हटलं. फसवणूक अशी चालते की नेहमीची टेस्ट प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते, मग स्वस्तातलं ग्लायसीन किंवा टॉरीन मिसळलं की आकडा फुगतो, कारण नायट्रोजन त्यांतही असतो. घटकांच्या यादीत ही नावं दिसली की डबा परत ठेवा. आणि मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर, घेत असाल तर मागचं लेबल वाचा, बहुतेकांत सगळ्यात जास्त माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, त्या पैशात महिनाभराची केळी आणि दूध येईल.