साडेतीन किलो समुद्र

"लोणचं घालायलास का रे?" आईनं विचारलं.

माझ्यापुढं समुद्रातले मासे पाळायला आणलेली १०० लिटरची काचेची टाकी, बादलीत साडेतीन किलो मीठ आणि हातात आमटीचा डाव. समुद्राच्या एका लिटरात ३५ ग्रॅम मीठ असतं. हे मी सांगितल्यावर आई म्हणाली, "मग लोणच्यापेक्षा कमीच की."

लातुरात समुद्र करायचा तर आधी गोडं पाणी लागतं, आणि ते मागायला तोंड लागतं. २०१६ च्या एप्रिलात आम्हाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. घरातला आरओ रात्ररात्र टिपकत राहिला. त्यानं सोडलेलं पाणी सौ.नं फरशीला नि भांड्यांना वापरलं, पण हंडा उचलताना दर वेळी माझ्याकडं बघितलं.

टाकी भरली, दगड मांडले, पंप सुरू केला. "मासे कधी?" धाकट्यानं विचारलं.

"सहा आठवड्यांनी."

माशाच्या अंगातून अमोनिया निघतो आणि नव्या टाकीत मासा त्याच विषानं मरतो. म्हणून तो खाणारे जिवाणू आधी दगडांवर वसवायचे. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषच. दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते माशाला बऱ्यापैकी सोसतं. एवढं पुराण ऐकून आई म्हणाली, "म्हंजी विरजण." तीन दिवस व्हिडिओ बघून मला हे एका शब्दात जमलं नव्हतं. "पर सहा आठवडे कामून? या उन्हात दही चार-पाच तासात लागतंय."

विरजणाला दूध लागतं, तसा या मंडळींना अमोनिया. मासे नसताना तो मिळवायचा तर टाकीत एक झिंगा कुजवायचा. आमचं घर माळकरी. तोंडाला रुमाल बांधून मी मासळीवाल्याकडं गेलो.

"एक झिंगा द्या."

"एक किलो?"

"एक नग."

त्यानं मला खालून वर बघितलं आणि पैसे घेतले नाहीत. पुडी हातात देत हळूच म्हणाला, "डाक्टरनं सांगितलंय का?"

जुन्या मोज्यात बांधून तो टाकीत सोडला. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे क्लासवाले सर खाली आले. "तुमच्याकडं उंदीर मेलाय का बघा." मी माळ्यावर चढून बघितल्याचं नाटक केलं.

रोज संध्याकाळी तपासणी. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, मोजून थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डाशी जुळवायचा. पिवळा म्हणजे अमोनिया शून्य, हिरवा जितका गडद तितकं विष. मला सगळे हिरवे एकच दिसतात. शेवटी नळी सौ.पुढं धरली. मॅचिंग सेंटरात तासतास काढलेली बाई ती. नळी खिडकीशी नेली, मान तिरकी केली. "पोपटी नाही हा. शेवाळी. कालच्यापेक्षा एक शेड खाली." त्या दिवसापासून प्रयोगशाळा तिची.

मे महिन्यात पाणी उडू लागलं. पाणी उडतं, मीठ मागंच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्याच पाण्याची. आमटी आटल्यावर घालतात तशी. एका रात्री लाइट गेली. इन्व्हर्टर जुना, पंखा नाहीतर पंप. जिवाणूंना पाण्यातला प्राणवायू लागतो, तेव्हा त्यांना वारा आणि आम्हाला डास.

पाहुणे यायचे, टाकीला नाक लावायचे, "मासे कुठं हायत?" म्हणायचे. दगड दाखवायला मलाही लाज वाटू लागली. त्यात चौथ्या आठवड्यात दगडांवर तपकिरी थर चढला. हे चांगलं लक्षण असतं, हे घरात कुणाला पटलं नाही.

सहाव्या आठवड्यात सौ.नं निकाल दिला: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लालभडक. म्हणजे पास; पण आता ४० लिटर पाणी बदलायचं. काढलेल्या खाऱ्या पाण्याचा तांब्या घेऊन आई तुळशीकडं निघाली होती, तिला दारात अडवलं. दुपारीच गल्लीत टँकर येऊन गेला होता, हंड्यांवरून दोन भांडणं झाली होती. रात्री अकराला, दिवा न लावता, एकेक बादली मी मोरीत हळू ओतली. आवाज होऊ नये म्हणून भिंतीच्या कडेनं.

रविवारी पुण्याहून ट्रॅव्हल्सनं पिशवीत एक क्लाऊनफिश आला. नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, माझ्या अंगठ्याएवढा. आई स्टूल घेऊन टाकीपुढं बसली. "गुणी लेकरू हाय. काय खातंय हे?"

मी फ्रीजरमधला डबा काढला. आईनं झाकण उघडून बघितलं.

"किती?"

"पाव किलो झिंगे."