पावसात राईड नेणाऱ्यांनो, परत कुठून फिरणार ते आधी सांगा

जून लागला की फोनवर सायकल राईडची पोस्टर यायला लागतात. हिरवेगार डोंगर, धुकं, मागे धबधबा, हेल्मेट घातलेले हसरे चेहरे. खाली नाश्ता, चहा, जेवण, मेडल आणि फी. कुठून निघणार ते लिहिलेलं असतं, किती वाजता परत येणार तेही असतं. पाणी वाढलं तर कुठून माघारी फिरणार आणि ते कोण ठरवणार, ही ओळ मला अजून एकाही पोस्टरवर दिसलेली नाही. मी पावसाळ्यात लोणावळा, पवना, मुळशी या पट्ट्यात एमटीबीचे, म्हणजे डोंगरी सायकलींचे छोटे ग्रुप घेऊन जातो. माझ्या मते पोस्टरवर बाकी काही नसलं तरी चालेल, पण ही एक ओळ हवीच.

उदाहरणासाठी राजमाची किल्ल्याचीच वाट घेऊ, कारण बहुतेकांना ती माहीत आहे. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून किल्ल्याखालच्या उधेवाडीपर्यंत साधारण 15-16 किलोमीटरचा कच्चा रस्ता. उन्हाळ्यात नवख्यालाही जमतो. जुलैत तोच रस्ता ठिकठिकाणी ओढ्यांनी कापलेला असतो. आपला डोंगर काळ्या कातळाचा, वर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. जूनच्या पावसात ती माती पाणी पिऊन घेते, जुलै उजाडेपर्यंत तिचं पोट भरलेलं असतं. त्यानंतर वर जे पडतं ते मुरत नाही, सरळ ओढ्यात उतरतं. त्यामुळे तुम्ही उभे आहात तिथे रिमझिम असली तरी वरच्या पठारावर जोराची सर येऊन गेली की थोड्याच वेळात समोरचं पाणी बदलतं. आणि ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यायचं असतं. सकाळी हसत-खिदळत ओलांडलेला प्रत्येक ओढा दुपारी तुमच्या आणि घराच्या मध्ये उभा असतो. जाताना ओलांडता आला म्हणजे येतानाही येईल, हे गृहीत धरूनच माणसं अडकतात.

म्हणून माझा नियम साधा आहे. निघायच्या आधी, सगळे कोरडे असताना, ओढा ठरतो आणि वेळ ठरते. अमुक ओढ्याला पाणी चाकाच्या हबपर्यंत, म्हणजे मधल्या तुंब्यापर्यंत असेल तर तो ओलांडायचा नाही. तमुक वाजता जिथे असू तिथून मागे, किल्ला समोर दिसत असला तरी. पाणी गढूळ झालंय, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहून येताहेत, तळाचे दगड गडगडल्याचा आवाज येतोय, यातलं एक जरी दिसलं तरी हबचं मापही न बघता मागे फिरायचं. सायकलचं चाक आडव्या प्रवाहात धरलं की पाणी ते कसं ओढतं हे ज्याने अनुभवलंय त्याला हे पटवून द्यावं लागत नाही. 30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ती माणसं काही धाडस करायला गेली नव्हती. प्रवाहाच्या मधोमध उभी होती आणि पाणी वाढलं, एवढंच.

हवामानाचंही तसंच. पुण्यात पाऊस नाही म्हणून राईड काढणारे मला भेटतात. अहो, पुणे शहरात वर्षाला पडतो त्याच्या कित्येक पट पाऊस लोणावळ्यात पडतो. हवामान खातं पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतं तो याचसाठी, तो वाचा. ऑरेंज इशाऱ्याचा पाऊस म्हणजे साधारणपणे 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर, रेड म्हणजे त्याहूनही जास्त. रेड असेल तर राईड रद्द, प्रशासनाची बंदी असेल तरी रद्द, यावर माझ्याकडे चर्चा होत नाही. ऑरेंजला कच्ची वाट सोडून ओढा आडवा येणार नाही असा डांबरी रस्ता घ्यायचा. लोक नाराज होतात. होऊ देत.

आता ग्रुपबद्दल. सगळ्यांना वाटतं की पुढे चालणारा तो लीडर. पावसात खरा लीडर शेवटी असतो. पुढच्याला फक्त वाट दिसते, शेवटच्याला माणसं दिसतात. कोणाची चेन कुरकुरतेय, कोण उतारावर पाय जमिनीला घासत चाललाय, कोण गप्प झालाय, हे मागूनच कळतं. म्हणून माझ्या ग्रुपमध्ये परत फिरायचा शेवटचा शब्द मागच्याचा असतो. त्याने तीन शिट्ट्या मारल्या की पुढचा थांबतो. धुक्यात पन्नास फुटांवरचा माणूस दिसत नाही आणि त्या पट्ट्यात फोनच्या रेंजचा भरवसा नाही, त्यामुळे शिट्टी हवीच. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक ओढ्याच्या अलीकडे, शेवटचा येऊन पोचेपर्यंत कोणी हलायचं नाही. दहाबारा जणांपर्यंत हे जमतं. चाळीस जण घेऊन निघालात तर जमत नाही, कितीही स्वयंसेवक लावा.

एका राईडचं सांगतो. पाऊस मध्यम होता, वाट लाल चिखलाची. आमच्यातल्या एका काकांच्या सायकलमधून खर्र खर्र आवाज यायला लागला. उतारावर ते दोन्ही लिव्हर अगदी हँडलला टेकेपर्यंत दाबत होते आणि सायकल तरीही पुढे सरकत होती. थांबवून मागचं चाक काढलं. ब्रेक पॅडचा मऊ थर पूर्ण गेलेला, खालचा पत्रा डिस्कवर घासून चकाकत होता. बोटाने चिखल पुसला तर तो नुसता चिखल नव्हता, रव्यासारखी बारीक वाळू होती त्यात. ती पॅड आणि डिस्कच्या मध्ये बसली की पॉलिश पेपरचं काम करते. रेझिनचे पॅड कोरड्यात महिनोन्‌महिने जातात, अशा चिखलात एका सकाळीत संपू शकतात. पावसाळ्यात मेटलचे पॅड लावा. आवाज करतात, पण टिकतात. आणि एक जोडी जादाची खिशात ठेवा. रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेक चाकाच्या कडेवर घासतो अशी सायकल मी जुलैत कच्च्या वाटेवर नेऊच देत नाही.

पण मला सांगायचंय ते पॅडचं नाही. आवाज कधीपासून येतोय असं विचारल्यावर काका म्हणाले, "बराच वेळ झाला. पण सगळे पुढे चालले होते, म्हटलं माझ्यामुळे कशाला थांबवायचं?" हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलंय. चांगल्या मनाची, भिडस्त माणसंच ते बोलतात, आणि पावसात तीच सगळ्यात जास्त धोक्यात असतात. म्हणून "ठीक आहात ना?" असं विचारण्यात काही अर्थ नाही, सगळे हो म्हणतात. मी विचारतो, शेवटचं पाणी कधी प्यायलात? दोन्ही हातांची बोटं भरभर उघडझाप करून दाखवा. ज्याची बोटं आखडलीत त्याला ब्रेक नीट दाबता येत नाही, मग तो कितीही ठीक म्हणो. पावसात तहान कळत नाही, माणूस तासन्‌तास पाण्याचा घोट घेत नाही आणि पायात गोळे येतात. वाऱ्यावर ओल्या सुती टीशर्टात थांबलं की वीस-बावीस अंशातही दात वाजायला लागतात. कोरडा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवाच. पोंचो नको, तो चाकात जातो.

चालवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते वाटेवरच शिकवता येतं. शेवाळलेल्या कातळावर ब्रेक मारायचा नाही, वेग त्याच्या आधी कमी करायचा आणि चाक सरळ ठेवून जाऊ द्यायचं. उतारावर सीट खाली करायची. टायरची हवा थोडी कमी करायची, पण ट्यूब असेल तर फार नाही, नाहीतर दगडावर आपटून पंक्चर ठरलेलं. शंका आली की उतरून चालायचं. चालणाऱ्याला कोणी चिडवलं तर मी त्या चिडवणाऱ्याला पुढच्या वेळी घेत नाही.

पैशाचा विषय अवघड आहे, पण तो टाळून भागत नाही. लोकांनी फी भरलेली असते, आयोजकाने गाडी ठरवलेली असते, गावात जेवण सांगितलेलं असतं. ओढ्याच्या काठावर उभं राहिल्यावर हे सगळं डोक्यात घोळतं, आणि त्यातूनच "चला, होईल काहीतरी" असं तोंडातून निघतं. त्यावर मला एकच उपाय सापडलाय, हिशोब आधीच मोकळा करून ठेवायचा. आदल्या दिवशी रद्द केली तर पूर्ण पैसे परत. अर्ध्यातून फिरलो तर ती राईड पूर्ण झाली असंच धरायचं, मेडल देत असाल तर तेही द्या. आणि जेवण ज्या घरी सांगितलंय त्यांचे पैसे काहीही झालं तरी द्यायचे, कारण त्यांनी पहाटेपासून भाकऱ्या थापलेल्या असतात. वर्षभरात एक-दोन राईडमध्ये माझ्या खिशातून जातं. ते मी सीझनच्या फीमध्ये धरतो आणि लोकांना तसं सांगतो. सांगितल्यावर आजवर कोणी भांडलेलं नाही.

गावातल्या माणसांचं ऐका, हेही लिहायचंय. एकदा लावणी चाललेल्या खाचरातून एका आजोबांनी आम्हाला हाक मारली, "दादा, वर लय कोसळतंय. घटकाभर थांबा, नायतर माघारी जा." आमच्या डोक्यावर तेव्हा थेंबही नव्हता. आम्ही माघारी फिरलो. मी त्यांना कसं कळलं विचारलं तर ते म्हणाले, "वढा वाजतोय न्हवं." कान देऊन ऐकल्यावर मलाही तो आवाज आला. याच माणसांच्या भातखाचरांच्या बांधावरून सायकली नेणारे ग्रुप मी पाहिलेत. ओला बांध चाकाने फुटतो, खाचरातलं पाणी वाहून जातं आणि नुकतीच लावलेली रोपं उघडी पडतात. फोटोसाठी हे करू नका, दुसरा कोणी करत असेल तर त्याला अडवा.

काही चुकलंच तर दोरी घेऊन रात्री-अपरात्री दरीत कोण उतरतं? लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरं, स्वतःची नोकरी-धंदा सांभाळून. त्यांनाही घरी वाट बघणारी माणसं आहेत.

तुम्ही ग्रुपबरोबर जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी आयोजकाला फोन करून तीन गोष्टी विचारा. शेवटी कोण असणार? माघारी फिरायची जागा आणि वेळ कोणती? घाटमाथ्याला रेड आला तर पैसे परत मिळणार का? तिन्हीची उत्तरं चटकन मिळाली तर खुशाल जा. "अहो, काही होत नाही, दरवर्षी नेतो आम्ही" असं उत्तर आलं तर दुसरा ग्रुप बघा. चांगले ग्रुप पुण्यात आहेत, मुंबईतही आहेत, आणि पाऊस सप्टेंबरपर्यंत आहे.