मंदी आली? मावशींना सांगा!

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत परवा एक ठराव 'एकमताने' मंजूर झाला. (विरोधात हात वर करणारा एक इसम होता, पण इतिवृत्तात तो मावला नाही. तो इसम मीच.) ठराव असा, की जागतिक आर्थिक परिस्थिती लक्षात घेता जिने झाडणाऱ्या आणि घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायकांना यंदा पगारवाढ देऊ नये, कुणी परस्पर दिलीच, तर तो इतर सभासदांवर अन्याय समजण्यात यावा. सूचक खुद्द खजिनदार. त्यांनी भिंतीवर कच्च्या तेलाचा आलेख दाखवला, डॉलरचा दाखवला, व्याजदराचा दाखवला. लगेच पुढचा ठराव लिफ्टसमोरच्या लॉबीत इटालियन मार्बल बसवण्याचा. त्याला आलेख लागला नाही. नंतर चहा आणि बटाटेवडे.

एवढ्या अभ्यासू शेजाऱ्यांत राहायचं म्हणजे आपणही ज्ञानात थोडी भर घातली पाहिजे. तेव्हा कोथरूड, कर्वेनगर, बाणेर, औंध आणि जिथे जिथे मेंटेनन्स वेळेवर भरणारी माणसं राहतात तिथल्या सर्व सुज्ञ वाचकांसाठी हे मार्गदर्शन. विषय: मंदी आपल्या उंबऱ्याशी न थांबवता सरळ खालच्या माणसाकडे कशी पाठवावी.

पहिलं म्हणजे संकट जवळपासचंच हवं असा हट्ट धरू नका. बँकॉकचंही चालतं. २ जुलै १९९७ ला थायलंडने आपलं चलन, म्हणजे बाट, डॉलरच्या बांधलेल्या दरातून मोकळं सोडलं, आणि त्याची सगळ्यात मोठी किंमत मोजली शेजारच्या इंडोनेशियातल्या मजुराने, ज्याने उभ्या आयुष्यात डॉलर पाहिला नव्हता. डॉलरला अडीच हजारांच्या आत मिळणारा रुपिया (इंडोनेशियाचं चलन) वर्षभरात पंधरा हजारांच्या पलीकडे गेला. तांदळाचा भाव दुपटीच्या वर चढला. १९९८ साली देशाचं उत्पन्न सुमारे १३ टक्क्यांनी आटलं. परदेशी कर्जं काढली होती बड्या उद्योगसमूहांनी आणि बँकांनी. ताटातला भात कमी झाला तो बांधावरच्या आणि बांधकामावरच्या माणसांचा. आता सांगा, एवढ्या लांबून संकट अचूक गरिबाच्या घरी पोचतं, तर आपल्या चौथ्या मजल्यावरून पोचवायला काय हरकत आहे?

दुसरं. बेकारीचा आकडा नेहमी खिशात ठेवा. फार उपयोगी वस्तू आहे. त्याच इंडोनेशियात, त्याच वर्षी, नोंदली गेलेली बेकारी ४.७ टक्क्यांवरून ५.५ वर गेली. बस्स! घाबरण्यासारखं काहीच नाही. मजुरीची खरी किंमत तेवढी एक तृतीयांशाच्या आसपास घसरली, पण ते वेगळ्या तक्त्यात असतं, तिकडे पान उलटायचं नाही. गरीब देशात बेकार राहणं ही चैन आहे, ती परवडते घरात बाप पेन्शनर असलेल्यांना. २०१९ मध्ये वाहनविक्री बसली तेव्हा चाकण-भोसरीकडच्या कंत्राटी पोरांना 'उद्यापासून येऊ नका' सांगण्यात आलं. ती पोरं काही घरी छताकडे बघत पडली नाहीत. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी डिलिव्हरीची पिशवी पाठीला अडकवली. कोपऱ्यावर दोन गाड्या होत्या तिथे पाच झाल्या, गिऱ्हाईक तेवढंच. सगळे कामावर! आणि आपण त्या पाचव्या गाडीवाल्याला विचारणार, "कोथिंबीर वीसला? पलीकडे पंधराला देतोय."

महागाई सांगताना सरासरीच सांगा. जिच्या घरातला निम्मा पैसा किराण्यावर जातो तिची महागाई वेगळी असते, हे सभेत बोलू नका. उगाच वेळ जातो. श्रीलंकेत सप्टेंबर २०२२ ला महागाईचा दर ७० टक्क्यांच्या घरात होता, पण नुसते खाण्याचे जिन्नस धरले तर तो ९० च्या वर होता. जागतिक बँकेचा अंदाज असा, की २०२१ ला तिथे १३ टक्के लोक गरीब होते, ते २०२२ ला २५ टक्के झाले. एका वर्षात जवळपास दुप्पट. परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, कारण प्रश्नपत्रिकांना कागद नव्हता. असो. आपला मुद्दा मार्बलचा होता.

दिवाळीला बोनसऐवजी सोनपापडी द्या. मागच्या वर्षी आलेलीच द्या.

खाडा तेवढा काटेकोर धरा.

आता महत्त्वाची सूचना. मावशींनी उचल मागितली, की त्यांना बचतीचं महत्त्व समजावून सांगा. "आम्ही नाही का एसआयपी करत?" असं म्हणा. त्यांचीही बचत असतेच हो, फक्त ती गळ्यात असते, गोठ्यात असते, नाहीतर पोरांच्या शाळेत असते. संकट आलं की ती त्याच क्रमाने मोडावी लागते. आमच्याकडे येणाऱ्या मावशींच्या मोबाइलला पारदर्शक कव्हर आहे. त्यात मागच्या बाजूला एक घडी घातलेली पावती आहे, घड्यांवरची शाई पुसत आलेली. सराफाकडची, गहाणवटीची. लॉकडाऊनमध्ये मंगळसूत्र ठेवलं ते अजून सुटलेलं नाही, कारण व्याज मुद्दलाच्या पुढे पळतंय. गळ्यात आहे ते बेंटेक्स. हप्त्याच्या दिवशी मायक्रोफायनान्सवाला वस्तीत येऊन बसतो आणि गटातल्या एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊजणी तिच्या दारात. तो हप्ता कशासाठी? सराफाचं व्याज भरायला. मोठी मुलगी अकरावीला होती. होती. आता ती आईबरोबर तीन घरं करते आणि आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकू कौतुकाने म्हणतात, "बरं झालं, हाताखाली आली."

इथेच तर सगळी गोम आहे, आणि नेमकी हीच गोष्ट खजिनदारांच्या आलेखात दिसत नाही. आलेख खाली जातो, मग वर येतो. शेअर बाजार वर येतो, जीडीपी वर येते, फ्लॅटचा भाव तर खाली जातच नाही. विकलेली शेळी परत येत नाही. सुटलेली अकरावी परत येत नाही. दोन वर्षांच्या पोराला ज्या वर्षी पोटभर दूध-डाळ मिळायला हवी होती ते वर्ष निघून गेलं, की त्याची उंची पुढच्या तेजीत भरून निघत नाही! १९८० च्या दशकाच्या शेवटी पेरूची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा कमी होत चाललेले बालमृत्यू पुन्हा वाढले. विकसनशील देशांतल्या लाखो जन्मांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली: देशाचं उत्पन्न घसरतं त्या वर्षी तान्ह्या मुलांपेक्षा तान्ह्या मुली जास्त दगावतात. म्हणजे मंदीलाही बरोबर कळतं, घरात कुणाला शेवटी वाढायचं ते. संकट दोन वर्षांचं, त्याचा हप्ता तीस वर्षांचा, आणि भरणार कोण, तर ज्यांनी कर्ज काढलंच नव्हतं ते. आणि आपण वर तोंड करून त्यांना बचत शिकवणार!

बरं. मार्गदर्शन चालू होतं.

कचऱ्याच्या बाबतीत तर मंदीचा संबंध मुळीच लावू नका. १५ सप्टेंबर २००८ ला न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली आणि त्या वर्षअखेर जगभर रद्दी, पुठ्ठा, प्लास्टिक, भंगार यांचे भाव पडले. पुण्यातल्या कचरावेचक बायकांच्या पोत्यापर्यंत पडले. पोतं तेवढंच, पाठ तीच, चालणं जास्त, पैसे कमी. त्यांना कुणी लेहमनचं नावही सांगितलं नव्हतं. कारखान्याला तोटा झाला की सवलतीचं पॅकेज मिळतं. पोत्याला काय मिळतं? आपल्याकडून ओला-सुका एकत्र मिळतो.

सरकारी मदतीला न चुकता 'फुकटेगिरी' म्हणा. ही सूचना पुणेकरांनी विशेष निष्ठेने पाळावी, कारण तिच्यासाठी आपल्याला आपलाच इतिहास विसरावा लागतो. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने हजारो कामं काढून लाखो माणसं जगवली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि तेच बियाणं २००५ ला देशभर पेरलं गेलं. त्याच्याही आधी, १९७१ साली, इथेच डेक्कनवर गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दिवसाला माणशी २,२५० कॅलरी धरून गरिबीचा हिशेब मांडला होता आणि सार्वजनिक कामं काढा म्हणून सांगितलं होतं. आपल्या सभागृहापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर! पण आपल्याला रिक्षाने तिकडे जायचं नसतं, आपल्याला मोबाइलवर आलेलं पुढे ढकलायचं असतं, की 'रेशन मिळतं म्हणून हल्ली कामाला माणसं मिळत नाहीत.' २०२०-२१ मध्ये देशभरातल्या जवळपास ११ कोटी लोकांनी रोजगार हमीवर काम केलं. भर उन्हात माती उचलली. फुकटे कसले?

आणि गंमत अशी, की हे सगळं आधीपासून असावं लागतं. घर पेटल्यावर विहीर खणून भागत नाही. रेशनकार्ड, रोजगार हमी, पोरांच्या शाळेचा खर्च उचलणारी योजना, हे सुकाळात उभं केलेलं असलं तरच दुष्काळात हात देतं. इंडोनेशियाला स्वस्त तांदूळ आणि शाळेच्या शिष्यवृत्त्या संकट डोक्यावर असताना घाईघाईने सुरू कराव्या लागल्या. ज्यांच्याकडे पुरेसं काही नव्हतं त्यांचं काय झालं ते अर्जेंटिनात बघा, बँकेची खाती गोठली आणि २००२ मध्ये निम्म्याहून जास्त देश दारिद्र्यरेषेखाली होता. रात्री रस्त्यावरचा पुठ्ठा गोळा करायला कालपर्यंत नोकरीवर असलेली माणसं फिरत होती.

पुरे झाली आता युक्त्यांची चेष्टा. सरळच बोलतो.

मार्च २०२० मध्ये गेटवर बोर्ड लागला होता, 'कामवाल्या बायकांना प्रवेश बंद'. ठीक, रोगाची भीती होती. पण पगार का बंद केलात? तुमचा चालू होता. घरी बसून, पायजम्यात, पूर्ण चालू होता. त्या एका वर्षात जगात अतिदारिद्र्यात सुमारे सात कोटी माणसांची भर पडली, आणि तुम्हाला वाटतं ती सगळी आफ्रिकेत कुठेतरी पडली. त्यातली किती आपण आपल्या दारातून परत पाठवली? १९८० मध्ये याच पुण्यात मोलकरणींना संप करावा लागला होता. २००८ ला राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ चा आहे, त्याला आपल्या देशाने अजून मान्यता दिलेली नाही. आणि सोसायट्या मात्र दर पाडायचे ठराव करतायत! लाज नाही वाटत?

पगार वाढवायचा नसेल तर 'द्यायचा नाही' असं तोंडाने म्हणा, त्यात तेल आणि डॉलर ओढू नका. डॉलर चढला म्हणून अमेरिकेतल्या पोराने पाठवलेले पैसे जास्त झाले, ते नाही बोललात सभेत. उचल मागितली तर द्या, आणि ती एकाच महिन्यात कापून घेऊ नका. आजारी पडली तर खाडा धरू नका. दरवर्षी वाढ द्या, मागायला लावू नका. पोरगी आईबरोबर फडकं घेऊन दारात आली, तर कौतुक करू नका. कॉलेज का सुटलं ते विचारा. फी किती होती तेही विचारा. तुमच्या एका रविवारच्या हॉटेलच्या बिलापेक्षा कमी निघेल.