‘हरलेल्या पोरीला ट्रॉफी दिली’ म्हणे!

‘महिला टेनिसमधली सेटिंग उघड’ या मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. त्यात पाच आरोप आहेत: एकेरीचा ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार याची मांडणी) आधीच ठरलेला असतो, हरलेल्या खेळाडूला पैसे घेऊन परत आत घेतात, बाय (पहिली फेरी न खेळताच पुढे जाणं) म्हणजे फुकटचे गुण, वाइल्ड कार्ड (आयोजकांनी आपल्या मर्जीने दिलेली जागा) म्हणजे वशिला, आणि तीन सेट खेळून पुरुषांएवढं बक्षीस. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती स्पर्धा खेळते, आणि तिचा प्रश्न होता, “मग पात्रता फेरी, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठीचे सामने, खेळायचेच कशाला?” म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात संतापजनक मुद्दा आधी घेतो. मेसेज म्हणतो, ‘२०१९ मध्ये लिंझला १५ वर्षांची कोको गॉफ पात्रता फेरीत हरली, तरी तिला आत घेऊन ट्रॉफी दिली.’ पहिला अर्धा भाग खरा आहे. गॉफ पात्रतेच्या शेवटच्या फेरीत तमारा कोरपाचकडून हरली होती. मग मारिया सक्कारीने दुखापतीमुळे माघार घेतली, मुख्य ड्रॉमध्ये जागा रिकामी झाली आणि गॉफ ‘लकी लूजर’ म्हणून आत आली. ट्रॉफी मात्र कुणी दिली नाही. ३२ खेळाडूंच्या ड्रॉमध्ये पाच सामने जिंकावे लागतात, ते तिने जिंकले. त्यात अव्वल मानांकित (स्पर्धेसाठी क्रमवारीनुसार दिलेल्या क्रमांकांत पहिली) किकी बर्टेन्स होती, उपांत्य फेरीत आंद्रेआ पेटकोविच होती, आणि अंतिम सामन्यात येलेना ओस्टापेन्को, म्हणजे ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) विजेती. स्कोअर ६-३, १-६, ६-२. मधला सेट १-६ असा घालवायची ही कसली सेटिंग?

लकी लूजर ठरते कशी, तेही सांगतो, कारण मेसेज लिहिणाऱ्याने नियमपुस्तक उघडलेलं दिसत नाही. ग्रँड स्लॅमचं आणि डब्ल्यूटीएचं (महिला टेनिसच्या संघटनेचं), दोन्ही पुस्तकं कुणालाही वाचायला खुली आहेत. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांचा पहिला हक्क असतो. यादी क्रमवारीनुसार लागते, पण अगदी वरच्या नावांचा आपापसातला क्रम चिठ्ठीने ठरतो. ग्रँड स्लॅममध्ये ही वरची नावं चार. चिठ्ठी कशासाठी? समजा, मुख्य ड्रॉमधून कुणीतरी माघार घेणार हे सगळ्यांना कळलंय. अशा वेळी क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या खेळाडूला शेवटचा पात्रता सामना हरली तरी जागा नक्की मिळणार असेल, तर ती जीव तोडून कशाला खेळेल? ही पळवाट बंद करायलाच चिठ्ठी आणली. मेसेजला जिथे सेटिंग दिसते, तिथला नियम सेटिंग रोखण्यासाठीच आहे!

त्यात नुसतं नाव यादीत असून भागत नाही. रोज सकाळी ठरलेल्या वेळेआधी सही करावी लागते, आणि रॅकेट-बूट घेऊन मैदानावर तयार राहावं लागतं. कुणी ऐन वेळी माघार घेतली तर अर्ध्या तासात कोर्टवर उतरायची वेळ येते. कुणीच माघार घेतली नाही तर दिवसभर बसून हात हलवत परत. सही चुकली की त्या दिवसाची संधी गेली. पैशांचं म्हणाल तर २०१८ पासून ग्रँड स्लॅममध्ये वेगळीच सोय आहे: जखमी खेळाडूने नुसती हजेरी लावण्यापुरतं खेळू नये म्हणून, वेळेत माघार घेतली तर पहिल्या फेरीचं अर्धं मानधन तिला मिळतं आणि उरलेलं अर्धं लकी लूजरला. म्हणजे आत येणारी खेळाडू पैसे भरत नाही, तिला मिळतात.

लकी लूजरने डब्ल्यूटीए विजेतेपद मिळवणं इतकं दुर्मीळ आहे की गॉफच्या आधी दोनच नावं सापडतात: १९८० मध्ये अँड्रिया येगर आणि २०१८ मध्ये मॉस्कोला ओल्गा दानिलोविच. पैसे देऊन ट्रॉफी मिळत असती तर चाळीस वर्षांत तीनच गिऱ्हाईकं?

आता ड्रॉ. ‘पहिली आणि दुसरी मानांकित फायनलआधी कधीच भेटत नाहीत’ हे मेसेजने गुपित फोडल्याच्या थाटात लिहिलंय. अहो, मानांकन असतं तेच त्यासाठी! १२८ च्या ड्रॉमध्ये पहिली मानांकित १ नंबरच्या ओळीवर, दुसरी १२८ वर. तिसरी आणि चौथी ३३ आणि ९६ वर, पण कोण कुठे ते चिठ्ठीने. पाच ते आठ या चौघी ३२, ६४, ६५, ९७ वर, त्याही चिठ्ठीनेच. अशा ३२ जणी बसल्या की उरलेल्या ९६ जागा सोडतीने भरतात. त्यामुळे बिगरमानांकित खेळाडूची गाठ पहिल्याच सामन्यात अव्वल मानांकितशी पडू शकते. पात्रतेतून आलेल्या १६ जणींच्या जागाही पात्रता संपल्यावर सोडतीनेच ठरतात.

आणि एवढी मांडणी करूनही कोर्टवर काय होतं? २०२१ ची अमेरिकन ओपन घ्या. एमा रॅडुकानू क्रमवारीत १५० वी, पात्रतेचे तीन आणि मुख्य फेरीचे सात असे दहा सामने खेळली आणि एकही सेट न गमावता जिंकली. समोर ७३ व्या क्रमांकाची लेला फर्नांडिस, तीही बिगरमानांकित, वाटेत ओसाका, स्वितोलिना आणि सबालेन्काला हरवून आलेली. आयोजकांनी ठरवून ही फायनल घडवली असं म्हणणाऱ्याला टेनिसही कळत नाही आणि तिकीटविक्रीही.

बायबद्दल थोडक्यात. ग्रँड स्लॅममध्ये बाय नसतेच. ९६ खेळाडूंच्या डब्ल्यूटीए १००० स्पर्धांत (विजेतीला हजार गुण मिळतात अशा) ३२ मानांकितांना असते, कारण १२८ ची चौकट भरायला तेवढ्याच जागा कमी पडतात. बाय मिळालेली पहिलाच सामना हरली तर तिला पहिल्या फेरीत हरल्याचेच गुण मिळतात, म्हणजे हजारातले १०. मानधन मात्र दुसऱ्या फेरीचं मिळतं, हे कबूल. आणि अशा मानांकित खेळाडूने ऐन वेळी माघार घेतली तर तिची बाय लकी लूजरला मिळते. हे मलाही खटकतं, पण तोही लिहिलेला नियम आहे.

वाइल्ड कार्डच्या बाबतीत मेसेज अर्धवट बरोबर आहे. ग्रँड स्लॅममध्ये अशा आठ जागा असतात आणि त्यातल्या बऱ्याच यजमान देशाच्या खेळाडूंकडे जातात. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि अमेरिकेच्या संघटना एकमेकींना एकेक जागा देतातही. त्यावर टीका जरूर करा. पण कार्डाने फक्त दार उघडतं. २००९ मध्ये किम क्लायस्टर्स निवृत्तीनंतर परतली आणि वाइल्ड कार्डावर अमेरिकन ओपन जिंकली, ती सात सामने जिंकूनच.

राहिला तीन सेटचा मुद्दा. पुरुष पाच सेट खेळतात ते ग्रँड स्लॅममध्ये. नेहमीच्या एटीपी (पुरुषांची संघटना) स्पर्धांत तेही तीनच खेळतात, आणि तिथे महिलांचं बक्षीस अनेकदा कमी राहिलंय. समान रक्कम अमेरिकन ओपनने १९७३ मध्ये सुरू केली, विम्बल्डनला त्यासाठी २००७ उजाडलं. आणि बायकांना पाच सेट झेपत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी: १९८४ ते १९९८ या काळात वर्षअखेरच्या महिला स्पर्धेची फायनल पाच सेटची होती. १९९० ची सेलेस आणि सबाटिनी यांनी पूर्ण पाच सेट खेळली, १९९६ ची ग्राफ आणि हिंगीसने. त्या वेळी ग्राफने पाचवा सेट ६-० असा घेतला.