सॉरी, फ्रॅन्सिन

फॅमिली ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी तो व्हिडिओ बघून लोळून हसणाऱ्या इमोज्या टाकल्यात त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण व्हिडिओ साडूने काढलाय आणि त्यात आधीचं काहीच नाहीये, तो डायरेक्ट मी माशाची माफी मागतो तिथूनच सुरू होतो.

तर जूनमध्ये आम्ही फ्लोरिडात, टॅम्पाला साडूकडे. त्याने परस्पर गाइडसकट फिशिंग ट्रिप बुक केली, दुपारपासून रात्रीपर्यंत. मी अलिबागचा, लहानपण खाडीत गळ टाकण्यात गेलेलं, नाही कशाला म्हणू? बोट एवढीशी, सपाट, आणि चालवणारा पंचविशीचा पोरगा, पण त्याला कॅप्टनच म्हणायचं, कारण कोस्ट गार्डच्या लायसन्सशिवाय तिथे पैसे घेऊन कोणाला मासे पकडायला नेता येत नाही. बोटीतल्या टाकीत त्याने पहाटे पाग टाकून धरलेली जिवंत बारीक मासळी फिरत होती, चंदेरी, बोटभर लांबीची. रवा लावून तळली असती तर ट्रिप तिथेच वसूल. हा बाबा कांदळवनाच्या कडेला मूठमूठ पाण्यात फेकत होता, मोठ्या माशांना बोलवायला. माझा जीव वरखाली.

ह्या प्रकाराला लाइट टॅकल म्हणतात. म्हणजे हलकी काठी, छोटं रीळ आणि दहा पौंडांची दोरी. जाड दोरी का नाही लावत विचारलं तर म्हणे माशालाही चान्स मिळाला पाहिजे. आमच्याकडे चान्स जेवणाऱ्याला देतात. गळ पण गोल, मासा लागला की झटका द्यायचा नाही, नुसतं रीळ फिरवायचं, मग तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. ज्याच्या हाताला जन्मापासून झटका माहितीये त्याने काय करायचं? मधेच एक टार्पन लागला, माणसाच्या उंचीचा मासा आख्खा पाण्याबाहेर उडाला आणि कॅप्टन किंचाळला, "वाका!" टार्पन उडाला की काठी त्याच्या दिशेने झुकवायची, दोरी सैल सोडायची, नाहीतर तुटते. टार्पनला तिकडे राजा म्हणतात, आणि राजापुढे झुकायचं असतं म्हणे. मी झुकलो. तो तोडून गेलाच. म्हणजे माशापुढे वाकायची प्रॅक्टिस दुपारीच झाली होती माझी.

रात्री मात्र मजा. टॅम्पा बेच्या काठाला बंगलेवाल्यांच्या खाजगी जेट्या आहेत आणि बऱ्याच जणांनी पाण्यावर दिवे लावलेत. दिव्याला कोळंबी आणि बारीक मासे येतात आणि त्यांना खायला स्नूक नावाचा मासा उजेडाच्या कडेला, सावलीत, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. आमिष वरच्या अंगाला टाकायचं आणि पाण्याबरोबर वाहत येऊ द्यायचं. टाकलं, आणि लागला. जवळ आला तर मी ओरडलोच, अरे हा तर जिताडा! तोच उतरता चेहरा, तोच पुढे आलेला खालचा जबडा, फक्त अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. रायगडात असला मासा घरी आला तर जावयाला फोन जातो.

तेवढ्यात जेटीवरून आवाज आला. "कोण आहे?"

बाथरोबमधला एक म्हातारा. हातात मग. कॅप्टन अदबीने म्हणाला, "स्नूक आहे, सर."

"ते मला दिसतंय. कोण आहे?"

मी साडूकडे बघितलं, साडूने फोन काढला होता. म्हाताऱ्याने खिशातून चष्मा काढून लावला, गुडघ्यावर बसला, म्हणाला शेपटी दाखवा. दाखवली. "फ्रॅन्सिन," तो म्हणाला. "आधी हा फ्रँक होता."

मला वाटलं मगात काहीतरी आहे. तर कॅप्टन मान डोलावतोय! स्नूक म्हणे आधी नर असतात आणि मोठे झाले की मादी होतात. (जिताड्याचंही तसंच असतं, हे नंतर वाचलं. म्हणजे आपण ताटात घेतो त्यातल्या किती जणींचं बारसं दोनदा झालेलं असेल.)

"कुठले तुम्ही?"

"इंडिया."

"अच्छा, मग व्हेजिटेरियन असाल. तुम्हाला कळेल."

इथे मला मुद्दाम थांबायचंय. बाकी सगळं मी विसरेन, हे नाही. ज्याच्या घरी सोमवार आणि संकष्टी सोडून चुलीला मासळीशिवाय दुसरा वास माहीत नाही त्याला हा माणूस व्हेजिटेरियन म्हणतो, आणि तेही कौतुकाने! मी तोंड उघडलं तर कॅप्टनने पायावर पाय दिला. पाणी सगळ्यांचं असलं तरी स्विच म्हाताऱ्याचा, तो बंद झाला की उद्याचं गिऱ्हाईक बोंबललं.

"जून महिना आहे, ती अंड्यांवर असेल," म्हातारा म्हणाला. "तिला सॉरी म्हणा."

मी फ्रॅन्सिनचा खालचा ओठ अंगठ्याने धरून तिला पाण्यात मागेपुढे हलवत होतो, तिच्या कल्ल्याच्या धारेने माझं बोट कापून रक्त येत होतं, त्याबद्दल मला कोणी सॉरी म्हणालं नाही. मी म्हणालो. म्हातारा म्हणाला, "मोठ्याने." तो तुमचा व्हिडिओ.

हसा. पण तिकडे तो मासा २८ ते ३३ इंचांच्या मधलाच ठेवता येतो, माणशी एक, आणि मे ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी तोही नाही. विकायला तर कायमची बंदी. आपण २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं, किमान आकाराचा नियम काढला, आणि बाजारात जा, तळहातात दोन मावतील असल्या पापलेटांचे वाटे लावलेले असतात. एलईडी दिवे लावून मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे, आणि ती पाळली जावी म्हणून लहान होडीवाले अजून निवेदनंच देतायत. जिताडा मिळाला तर त्याचा भाव ऐकून माणूस अंडी घेऊन घरी येतो. आपल्याकडे कोणी बाथरोबमध्ये येऊन विचारत नाही, ही कोण म्हणून.

धक्क्याला परत आल्यावर कॅप्टनने टॅबलेट पुढे केला. टिप, १८, २० की २५ टक्के. हातात मासा नाही, बोटाला चिकटपट्टी, पोटात भूक. मी १८ दाबलं. घरी बायको म्हणाली, "माशाला सॉरी म्हणता आलं, पोराला वीस टक्के देता आले नाहीत?"

तिलाही व्हिडिओ आधी मिळाला होता.