पेटंटसाठी सल्लागार कसा निवडावा

आपल्याला नवीन काही सुचले असेल, तर ते तातडीने अशा सल्लागाराच्या हाती सोपवावे, ज्याच्या अंधेरीतील कार्यालयाला काचेच्या भिंती आहेत आणि ज्याचे नाव पेटंट एजंटांच्या सरकारी नोंदवहीत नाही. ही नोंदवही पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते, म्हणूनच ती पाहू नये.

असा शोध आधी कोणी लावला आहे का, हेही तपासू नये, उत्साह मावळतो.

‘जागतिक पेटंट’ काढून देणाऱ्यास आगाऊ रक्कम अवश्य द्यावी. तसे पेटंट अस्तित्वातच नसल्यामुळे ते देण्यास उशीर झाला, अशी तक्रार आपल्याला कधीही करता येणार नाही.

प्रोव्हिजनल, म्हणजे शोधाची तारीख राखून ठेवणारा तात्पुरता अर्ज दाखल झाला की निश्चिंत व्हावे. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास त्याचे सरकारी शुल्क १,६०० रुपये असते, परंतु सल्लागाराच्या बिलात हा आकडा शोधण्याचा क्षुद्रपणा करू नये. ‘अभिनंदन, आपले पेटंट झाले’ असा संदेश येतो, तेव्हा हाती असतो तो केवळ अर्जाचा क्रमांक. बारा महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे संपूर्ण वर्णन आणि त्यात नेमके काय आपले हे सांगणारे दावे, दाखल झाले नाही, तर पेटंट कायद्याच्या कलम ९ नुसार तो अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. पावसाळ्यात गॅलरीत कपडे वाळवण्यासाठी मी केलेल्या घडीच्या मांडणीचे नुकतेच हेच झाले. मुदत सांभाळण्याची जबाबदारी करारानुसार सल्लागारांची होती. फोन केला की ‘सर मीटिंगमध्ये आहेत’, मेल केला की ‘फाइल टीमकडे आहे’, आणि मुदत उलटल्यावर त्याच टीमचे पत्र आले की आता नवा अर्ज करावा लागेल, त्याचे शुल्क वेगळे. दरम्यान ‘प्रोव्हिजनल झाले आहे, बिनधास्त दाखवा’ या त्यांच्याच भरवशावर ती मांडणी दादरच्या एका खासगी प्रदर्शनात लोकांनी उघडून, मिटून, फोटो काढून पाहिली होती. नव्या अर्जाची तारीख त्यानंतरची. म्हणजे माझाच शोध आता कायद्याच्या दृष्टीने नवा उरला नाही. हे त्या पत्रात अर्थातच नव्हते.

अहो सल्लागार, दावे लिहिणे म्हणजे फॉर्म भरणे नव्हे. एक शब्द जास्त पडला तर शेजारचा कारखानदार त्यातूनच वाट काढतो. पदवी घेऊन, सरकारी परीक्षा देऊन हे काम नीट करणारी माणसे याच शहरात आहेत, आणि तुम्ही त्यांचेही नाव खराब करता. उठता-बसता अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयाच्या दिरंगाईला बोल लावता. तुम्ही तेथे कम्प्लीट स्पेसिफिकेशन पाठवलेच नव्हते, तर त्यांनी तपासायचे काय? साधी तारीख सांभाळता येत नसेल, तर हा धंदा बंद करा. नव्या अर्जाचे बिल मी भरणार नाही, आणि जुन्याचे पैसे मला परत हवे आहेत.